पाटीवरची वाकडी ओळ

४ ऑगस्ट, नांदेड

सुकन्यानं ही वही दिली आन म्हणली, अज्जी, रोज लिहायचं. कोणत्या यंत्रावर वाचलं, कोणत्या पानावर काय बिघडलेलं दिसलं, ते. शेवटी लिहायचं, दुरुस्त करणे. "आन उगं माझं मन राखायला चांगलं हाय म्हणून लिहू नको."

मी म्हणलं, मी आजवर कुणाचं मन राखलंय? तुझ्या बापाला विचार.

माझी शाळा उदगीरला चौथीपर्यंत. वाचायला शिकले ते मात्र लातुरात, गंजगोलाईतल्या आमच्या किराणा दुकानात, पुड्या बांधता बांधता. रद्दीचा कागद वाचल्याबिगर मी त्यात जिरं बांधलं न्हाई. पण रद्दी ती रद्दीच. गोष्ट रंगात आली का कागद संपायचा. खून झालेला कळायचा, केला कुणी ते गिऱ्हाईकाच्या घरी गेलेलं असायचं. अख्खं पुस्तक आणून द्यावं असं आमच्या घरात कुणाला सुचलं न्हाई आन मी मागितलं न्हाई. असं करत सत्तरी आली. एक बी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं न्हाई.

आता ही नात. कॉलेज झालं, नोकरी धरली न्हाई. इथं तरोड्यात नीलाबाईच्या माडीवर दोन खोल्या घेतल्या आन कागदावरची पुस्तकं मोबाईलवर वाचता येतील अशी करून द्यायचा धंदा काढला. माझा लेक उमाशंकर म्हणला, एकट्या पोरीला तिकडं कसं ठेवायचं. म्हणून मला राखणीला धाडलं. कोण कुणाची राखण करतंय ते बघू.

पहिलं काम लातूरच्या सिद्धेश्वरअप्पाचं. त्यांच्या वडलांनी एका काळी खुनाच्या, दरोड्याच्या कादंबऱ्या छापल्या. त्या सगळ्या अप्पाला ईबुक करून पाहिजेत. आधी एक नमुना, तो पटला तर बाकीच्या. अट एकच. ही पुस्तकं वाचणारे आता म्हातारे झाले, त्यांना अक्षर मोठं करून कोणत्या बी यंत्रावर वाचता आलं पाहिजे. म्हणून परीक्षेला मी. घरातच म्हातारी होती, हुडकायला नको.

नमुन्याचं पुस्तक "दाल मिलीतला मुडदा". नाव बरं हाय.

६ ऑगस्ट

तीन यंत्रं हायेत. मोबाईल, टॅब, आन एक काळंपांढरं, ज्याचा उजेड डोळ्यावर येत न्हाई, कागदावानी दिसतं. त्याला मी पाटी म्हणते.

मोबाईलवर बराबर. टॅबवर जोडाक्षरं सुटी होऊन पडलीत, जसे भांडण झालेले भाऊबंद. पाटीवर तर नुसते चौकोन. पहिल्या पानावर तुरीच्या पोत्याखाली मुडदा सापडतो, पण मुडदा कुणाचा तिथंच चौकोन.

मी विचारलं, पुस्तक एकच हाय ना, मंग तीन जागी तीन तऱ्हा कामून?

"फाईल एकच हाय अज्जी. ईपब म्हणतेत तिला. त्यात मी नुसतं सांगते का हे धड्याचं नाव, हा परिच्छेद, हे ठळक. मांडायचं काम त्या त्या यंत्राचं. ज्याला जसं येतं तसं मांडतंय."

"म्हणजे तू पाव्हण्याला बसा म्हणायचं, आन तो खुर्चीवर बसतो का चुलीवर ते त्याच्या मर्जीवर."

"हाव. तसंच. नियम ठरलेले हायेत जगात, पण सगळे बराबर पाळत न्हाईत."

टॅब, पाटी, दोन्ही. दुरुस्त करणे.

१३ ऑगस्ट

पोरीनं अक्षराचं वळणच फाईलीत बांधून दिलं, म्हणजे यंत्राजवळ नसलं तरी अडत न्हाई. चौकोन गेले. जोडाक्षरं बी नांदायली.

चार धडे वाचून झाले. मिलीचा मालक व्यंकटराव, आन त्याचा मुनीम व्यंकटस्वामी. मेलेला हमाल दोघांच्या बी मर्जीतला. मला मुनीमाचा संशय हाय. पोलिसांनी चहा पुढं केला तर त्यानं घेतला न्हाई. लातुरातला मुनीम फुकटचा चहा सोडत असंल तर त्याच्या पोटात काहीतरी हाय.

सुकन्याला ताकीद देऊन ठेवलीय. तुला खुनी माहीत असला तरी तोंडातून काढायचा न्हाई. मी माझ्या डोळ्यानं शेवटाला जाणार.

बिघाड न्हाई.

२९ ऑगस्ट

पाटीवर ओळी वाकड्या दिसायल्यात. दोन्ही टोकाला सरळ, मधी पोट आल्यावानी. सुकन्याला दाखवलं.

"कुठं गं अज्जी? मला तर सरळ दिसतीय."

"तुझं वय काय, तुला सगळंच सरळ दिसणार. हे पुस्तक म्हाताऱ्यासाठी हाय ना?"

पोरगी खाली मान घालून बसली. म्हणली, तू लई मोठं अक्षर करून वाचतीस, तेवढं मोठं केल्यावर ओळींतलं अंतर बिघडत असंल. करते.

नीलाबाईनं खिडकीला नवी जाळी बसवून घेतली. तिचे गज बी वाकडे. मी मिस्त्रीला म्हणलं, तुझ्याकडं ओळंबा हाय का विकून खाल्लास? त्यानं ओळंबा लावून दाखवला. मी म्हणलं, ओळंबाच वाकडा असंल. नीलाबाई हसली, मिस्त्री न्हाई हसला.

दुरुस्त करणे. (ओळी. जाळी नीलाबाईनं करावी.)

११ सप्टेंबर

महालक्ष्म्या बसल्या. नीलाबाईच्या घरी पुरणाची डाळ मी निवडली. आयुष्य डाळीत गेलं माझं. तरी तिच्या जावयाच्या दाताखाली खडा आला. जावई सगळ्यांसमोर म्हणला, कुणी निवडली ही डाळ? मी म्हणलं, नांदेडच्या डाळीत खडे निवडणाऱ्याच्या मागून पडतेत. पण लागलं मनाला. आजकाल पॉलिश मारतेत खड्यालाच.

ओळी अजून वाकड्या. टॅबवर बी.

१२ सप्टेंबर

सुकन्या म्हणली, अज्जी, चष्म्याचं बघून यायचं का?

तिला मी मोतीबिंदूची आठवण दिली. दोन्ही डोळ्याचे लातूरला काढलेत, आत भिंग बसवलंय. तिथला डॉक्टर म्हणला होता, अव्वा, हे भिंग आता तुमच्यापेक्षा जास्त टिकंल. आमच्या दुकानात गॅरंटी बोलत न्हाईत, पण त्यानं बोलली. भिंग बदललेला डोळा परत कसा बिघडंल?

तरी गेलो. वजिराबादेत चष्म्याचं दुकान हाय, तिथल्या पोऱ्यानं यंत्रात डोकं घालायला लावलं, नंबर काढला, म्हणला मोतीबिंदू बराबर निघालाय, नंबरात थोडा फरक हाय. नवा चष्मा केला. घरी येऊन पाटी उघडली. ओळ तशीच.

म्हणलं, बघ. आता तरी पटलं का? बिघाड फाईलीत हाय.

पोरीनं मान हलवली. तिला पटलं.

२६ सप्टेंबर

आता अक्षरं गायब व्हायलीत. ज्या शब्दाकडं बघावं त्याचाच मधला भाग जातो, तेलाचा डाग पडल्यावानी. बाजूचे शब्द दिसतेत. नजर जरा कडेला नेली का मघाचा शब्द येतो, आन त्याच्या बाजूचा जातो. चोरावर पाळत ठेवल्यावानी वाचावं लागतंय. एका धड्याला दोन दोन दिवस जायलेत.

सुकन्या म्हणली, पाटीची स्क्रीन जुनी हाय, मागच्या पानाचा ठसा राहत असंल. कॉलेजातल्या एकाकडून दुसऱ्या कंपनीची पाटी मागून आणली. तिच्यावर बी डाग. मंग मोबाईलात वाचायची वेगळी वेगळी ॲपं टाकून बघितली. एकावर अक्षर जाड, एकावर बारीक, एकावर काळ्यावर पांढरं. डाग सगळ्यांवर.

"सगळ्या यंत्रावर सारखाच बिघाड आला म्हणजे फाईलीतच हाय," असं म्हणून तिनं फाईल पहिल्यापासून परत बांधायला घेतली. तिनं असं म्हणल्यावर मला बरं वाटलं. म्हणजे माझं खरं होतं.

दुरुस्त करणे.

८ ऑक्टोबर, लातूर

अप्पाचा निरोप आला होता, दसऱ्याच्या आधी नमुना दाखवा. यष्टीनं आलो. रस्त्यानं अहमदपूरच्या पुढं पाट्या वाचायचा मला नाद हाय, या बारीला एक बी नीट वाचता आली न्हाई. पाट्या रंगवणारे बी आता तसेच.

अप्पाच्या दुकानात वर पंखा, खाली अप्पा, बाजूला त्यांच्या वडलांचा फोटो. अप्पानं टॅब घेतला, पानं सरकवली, अक्षर मोठं केलं, बारीक केलं, आपला मोबाईल काढून त्यावर उघडलं. म्हणले, "झकास झालंय सुकन्या. दसऱ्याला सुरू करू."

सुकन्या म्हणली, "अप्पा, थोडं थांबा. मोठ्या अक्षराला ओळी वाकतेत आन शब्द पुसट होतेत."

"कुठं?"

"मला दिसंना. अज्जीला दिसतंय."

अप्पानं माझ्याकडं बघितलं. "अव्वा, तुम्हाला वाचता येतं का पण?"

मी म्हणलं, "तुमच्या बापानं रद्दीत घातलेली पुस्तकं मी वाचूनच त्यात हळद बांधलीय. तुम्ही वाचलेली दिसंनात, न्हाईतर मोबाईल उलटा धरला नसता."

उलटा न्हवता बहुतेक. पण दुकानातले हसले.

अप्पा हसले न्हाईत. "सगळ्यांना दिसतंय. एकट्या तुझ्या अज्जीला दिसंना तर फाईलीनं काय करावं?"

पोरगी उभी राहिली. म्हणली, "अप्पा, तुम्हीच म्हणला होता ना, म्हाताऱ्यांना वाचता आलं पाहिजे. माझ्याकडं म्हातारं माणूस एकच हाय. तिला वाचता येईपर्यंत मी हे काम झालं म्हणणार न्हाई."

मला लई बरं वाटलं. घरी येताना तिला गोलाईत पेढे खायला घातले. पेढेवाल्याला मी मोड दिली, तर तो म्हणला अव्वा, हे नाणं दुसरं हाय. मी म्हणलं, तुमच्या सरकारनं सगळी नाणी एकसारखी केलीत, मी काय करू?

२५ ऑक्टोबर, नांदेड

अप्पानं सगळं काम पुण्याच्या कुणाला तरी दिलं. फोनवर म्हणले, पोरगी गुणाची हाय, पण काम संपवत न्हाई.

उमाशंकरचा फोन आला. सामान बांधून दोघी लातूरला या, बास झाला खेळ. सुकन्यानं फोन माझ्या हातात दिला. मी म्हणलं, पोरगी काम करायली, तू तुझी साखर जोख.

काम तर न्हाईच आता. तरी ती फाईल उघडून बसती. कुणासाठी, म्हणलं. "तुझ्यासाठी. एकदा तुला नीट दिसू दे, मंग बंद करते." तिच्या तोंडाकडं बघितलं तर तोंड दिसलं न्हाई. केस दिसले, कान दिसले, कानातलं कुडकं दिसलं. मधी धुरकट. दिवा तिच्या मागं होता.

२ नोव्हेंबर

पाडवा. वाचलं न्हाई.

१० नोव्हेंबर

धडा अकरावा. मुनीमाच्या खोलीत रक्ताचा सदरा सापडला. म्हणजे मुनीम न्हाई, एवढं सोपं लिहिणारा न्हाई हा. म्हणजे मालक. का मालकानं मुद्दाम ठेवला असं वाटावं म्हणून मुनीमानंच ठेवला? डोकं चालतंय पण डोळा पुढं सरकंना. एक पान वाचायला भाजी शिजती.

सुकन्यानं आज मला विचारलं, "अज्जी, तू खरं सांगायलीस ना?"

मी दोन दिवस तिच्याशी बोलायची न्हाई असं ठरवलंय.

१६ नोव्हेंबर

सुकन्या लातूरला एकटी जाऊन आली. अप्पाच्या कपाटातून मूळचं कागदाचं पुस्तक मागून आणलं. पिवळं पडलेलं, शिवण सुटलेली. म्हणली, अज्जी, हे वाच बरं. हे तर फाईल न्हाई.

मी उघडलं. वास तर आमच्या रद्दीचा. ओळी मात्र वाकड्या. मधी तोच डाग. मी म्हणलं, "अप्पाच्या बापाचा छापखाना बी असलाच होता बघ. शाई पसरलीय, खिळे वाकडे बसवलेत."

पोरीनं पुस्तक मांडीवर घेतलं आन डोकं भिंतीला टेकलं. मला वाटलं निजली.

मंग उठली. मोरीजवळ नेलं मला, पांढऱ्या फरश्या बसवल्यात तिथं. म्हणली, एक डोळा हातानं झाक आन या फरशीकडं बघ. रेघा सरळ हायेत का?

म्हणलं, न्हाईत. त्याच मिस्त्रीनं बसवल्यात जाळी बसवणाऱ्यानं.

"आता दुसरा डोळा झाक."

दुसऱ्यानं तर मधल्या फरश्याच न्हवत्या.

सुकन्या खाली ओल्यात बसली. म्हणलं ऊठ, पायजमा भिजंल. उठली न्हाई.

१९ नोव्हेंबर

मोठ्या दवाखान्यात गेलो. डोळ्यात थेंब टाकून बसवलं, दंडातून रंगाची सुई दिली, फोटो काढले. डॉक्टरीण बाई तरणी, सुकन्यापेक्षा थोडी मोठी.

म्हणली, "आजी, भिंग एकदम छान आहे तुमचं."

मी सुकन्याकडं बघून म्हणलं, ऐकलंस?

पण पुढं बाई म्हणली, भिंगाच्या मागं डोळ्याच्या तळाला नजरेचा मधला ठिकाणा असतो, वाचायचा, माणूस ओळखायचा. तिथं बारीक शिरा फुटून पाणी झिरपत होतं. डाव्यात वण पडून गेलाय. उजव्यात अर्धा पडलाय. डोळ्यात सुईनं औषध देऊ, उरलंय ते राहिलं तर राहील. गेलेलं परत येत न्हाई.

"सुरुवातीला आणलं असतं तर?" सुकन्यानं विचारलं.

"तर बरंच वाचलं असतं. ओळ वाकडी दिसते, तेच पहिलं लक्षण. कधीपासून दिसते?"

मी म्हणलं, पोळ्याच्या आधीपासून.

बाईनं सुकन्याकडं बघितलं. "मग इतके दिवस काय करत होता?"

सुकन्या म्हणली, "ओळ सरळ करत होते."

बाईला काही कळलं न्हाई. तिनं पुढचा कागद लिहायला घेतला.

२० नोव्हेंबर

रिक्षात, जिन्यात, ताटावर, पोरीचं एकच. मी फाईल बदलत बसले. मी अंतर वाढवत बसले. मी दुसऱ्याच्या पाट्या मागून आणल्या. अज्जी, मी तुझ्या डोळ्याकडं बघितलंच न्हाई.

मी म्हणलं, "बघून काय करणार होतीस? यव्वा, तू काय डॉक्टर हायस? अप्पानं तुला फाईल विचारली, तू फाईल बघितलीस. गप सुम्म जेव आता."

जेवली न्हाई. भाकर माझ्याच ताटात आली.

तिला म्हणलं तेवढं. स्वतःला काय म्हणावं ते सुचंना. मिस्त्रीला शिव्या दिल्या, पेढेवाल्याला दिल्या, छापखान्याला दिल्या. सगळं गाव वाकडं होतं, मी एकटी सरळ.

३ डिसेंबर

डोळ्यात सुई घेतली. दुखलं न्हाई तेवढं. आता ही वही मी जाड काळ्या पेनानं लिहिते, पट्टी ठेवून. एका पानावर चार-पाच ओळी. आधीचं लिहिलेलं मला वाचता येत न्हाई.

१० डिसेंबर

सुकन्या एका क्लासमध्ये जायली. डॉक्टर व्हायला बसलेल्या पोरांच्या प्रश्नपत्रिका टाईप करायच्या. चार पर्याय, त्यातला एक बराबर. म्हणली, बरं काम हाय अज्जी, कुठं बी डोकं लावायचं न्हाई. कॉम्प्युटरवर पांढरं कापड टाकून ठेवलंय. मागून आणलेली पाटी परत केली. आमची पाटी ठेवली, मी म्हणलं म्हणून.

मोबाईल पुस्तक वाचून दाखवतो म्हणं. ऐकून बघितलं. आत एक बाई हाय. मुडदा सापडला तरी तिचा आवाज बसस्टँडवर गाडी लागली सांगितल्यावानी. बंद कर म्हणलं. मंग सुकन्या म्हणली, मी वाचून दाखवते. ते बी नको. लोकाच्या तोंडून तर जल्मभर ऐकलंच. ईबुक झालं ते म्हातारीनं वाचावं म्हणून ना?

तिनं पाटीवर अक्षर एकदम मोठं करून दिलं. एका वेळी दोन शब्द मावतेत. मी मान वाकडी करून कडेनं बघते. एक अक्षर धरायचं, सोडायचं, पुढचं धरायचं. कोंबडी दाणे टिपती तसं. नीलाबाई वर आली का विचारती, मावशी, भिंतीकडं बघून काय वाचायल्यात? म्हणलं, भिंतीवरच लिहिलंय.

१८ डिसेंबर

धडा चौदावा. पावती सापडली. मुनीम खोटं बोलला होता, पण मालक बी बोलला होता.

दुसरी सुई झाली.

२२ डिसेंबर

आज एक पान. डोकं ठणकायलंय.

२९ डिसेंबर

उद्या येळवस, शेत पुजायची अमावास्या. नीलाबाईच्या घरी भज्जी, आंबील, सगळी गडबड. तिच्या शेतात चला म्हणली. मी म्हणलं, मला काम हाय.

सकाळपासून शेवटच्या पानावर होते. पोलीस साहेबानं सगळ्यांना मिलीत गोळा केलंय. दिवे लावलेत. साहेब बोट करून म्हणतो, खुनी इथंच हाय, आन त्याचं नाव हाय. तिथून पुढं एक एक अक्षर धरत गेले. व्यं. मंग क. मंग ट.

पुढं काही न्हाई. कड आली पाटीची.

खालच्या ओळीत बघितलं, तिथं दुसरंच वाक्य. परत वर. व्यंकट, आन कड. म्हणलं, माझाच डाग असंल. मान अशी केली, तशी केली, पाटी डोळ्याजवळ धरली, लांब धरली. सगळीकडून बघितलं. नुसतं व्यंकट.

नीलाबाई भज्जीची पालेभाजी निवडायला घेऊन वर आली. तिची नजर घारीची हाय. तिला म्हणलं, इथं काय लिहिलंय वाच. तिनं वाचलं. "व्यंकट. पुढं अर्धंच अक्षर हाय मावशी, कापलं गेलंय. स हाय का र, काय कळंना. ओळीत मावलं न्हाई वाटतं."

"नक्की?"

"माझ्या डोळ्यानं बघायले ना."

तिनं बारीक करायला बोट पुढं केलं, मी पाटी मागं घेतली. पान हरवलं तर मला इथपर्यंत यायला परत महिना लागंल. म्हणजे खरा बिघाड हाय. पहिल्या दिवसाच्या चौकोनांनंतरचा पहिला खरा बिघाड, आन तो मी पकडला.

संध्याकाळी सुकन्या क्लासवरून आली. चप्पल काढत होती तोवरच मी म्हणलं, "सुके, पाटीवर शेवटच्या पानाला अक्षर कापलं जायलंय. नाव मोठं हाय, ओळीत मावंना."

ती म्हणली, "हाव अज्जी."

"बघ तरी."

तिनं पाटी माझ्या हातातून हळूच घेतली. बघितलं न्हाई. मेजावर उलटी ठेवली. औषधाची बाटली घेऊन आली, माझी हनुवटी वर केली. "दुपारचे थेंब राहिलेत ना. डोळे मोठे कर."

नीलाबाई दारात होती. काहीतरी बोलणार होती. मी तिला हातानं गप केलं. पोरगी आत्ता कुठं दोन घास खायली. खरं सांगितलं तर परत ते पांढरं कापड काढंल, परत बसंल, आन कुणासाठी?

थेंब घालून ती भाकरी टाकायला गेली. मी पट्टी घेतली.

पाटी. शेवटचं पान. अक्षर सगळ्यात मोठं केल्यावर लांब नाव ओळीत मावत न्हाई, खाली बी उतरत न्हाई, कडेला कापलं जातं. व्यंकट एवढंच दिसतं. राव का स्वामी ते कळत न्हाई. नीलाबाईनं बी बघितलं.

दुरुस्त करणे.